आधी गाडीचं दार उघडा, मग रॅक घ्या

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचं नाशिकला रो-हाउस आहे. खाली गॅरेज आहे, आतून दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, उंची नऊ फूट. त्यात वॅगन आर, माझी अ‍ॅक्टिव्हा, मुलाची सायकल आणि सासऱ्यांची जुनी चेतक. चेतक नऊ वर्षं बंद आहे. सासरे सातपूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. वय ७४. त्यांचं चार फुटी टेबल, व्हाइस, ग्राइंडर, स्क्रू-बोल्टचे डबे मागच्या भिंतीशी आहेत. शिवाय गणपतीचं मखर, गौरींचं सामान, फराळाची मोठी पातेली, दोन गाद्या, कूलर, उरलेलं सिमेंट, रंगाचे डबे, गव्हाच्या दोन कोठ्या, इन्व्हर्टर. गाडी आत घेतली की दारातून तिरकं होऊन बाहेर पडावं लागतं. दाराच्या कडेचा रंग भिंतीला घासून गेलाय. सहा महिने झाले, गाडी रस्त्यावरच लागते. मिस्टर ती घेऊन रोज अंबडला जातात. एका ठेकेदाराने गॅरेजभर पोटमाळा काढायचे ऐंशी हजार सांगितले. मिस्टर म्हणतात गाडी बाहेरच राहू दे, गॅरेजची खोली करून भाड्याने देऊ. मी म्हटलं, आधी चेतक आणि ते टेबल काढा, तर सासरे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही मापं कळवलीत याचा मला फार आनंद झाला. ‘जागाच पुरत नाही’ अशी पत्रं पुष्कळ येतात, पण टेप लावून क्वचितच कुणी लिहितं. दहा बाय अठरा वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तासाभराने माझी खात्री झाली की गाडी, अ‍ॅक्टिव्हा, सायकल, चेतक आणि सासऱ्यांचं टेबल, हे सगळं तुमच्या गॅरेजमध्ये राहतं. ऐंशी हजार न घालता राहतं. बाहेर जायला हवं आहे ते वेगळंच सामान. त्याचा तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलाय.

आधी गाडीचा हिशेब. तुमची वॅगन आर २०१९नंतरची असेल तर ती ३६५५ मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून १६२० मिलिमीटर रुंद. म्हणजे बारा फूट लांब आणि पाच फूट चार इंच रुंद. त्याआधीची असेल तर रुंदीत आणखी चार-पाच इंच सुटतात. अठरातून बारा गेले, उरले सहा फूट. दहातून पाच फूट चार इंच गेले, उरले चार फूट आठ इंच. ही काही कमी जागा नाही. जुन्या बंगल्यांतली गॅरेजं प्रीमियर पद्मिनीच्या काळातली, आणि पद्मिनी रुंदीला दीड मीटरच्या आत होती. तिथे आजची गाडी घुसवणाऱ्यांना विचारा तुमच्याएवढी जागा म्हणजे काय ते.

तुमची अडचण मला अशी दिसते : गाडी तुम्ही मधोमध लावता. शटरमधून सरळ आत आलं की गाडी आपोआप मधोमध येते आणि दोन्ही बाजूंना सव्वादोन-अडीच फूट उरतात. त्यात दोन्ही भिंतींना सामान टेकलेलं. मग एकाही बाजूचं दार पुरतं उघडत नाही. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. नाकाने आत येणाऱ्या गाडीला डाव्या भिंतीला चिकटवा, आरसा मिटून नऊ इंच सोडा. बाकीच्यांनी गाडी आत यायच्या आधी अंगणातच उतरायचं. उजव्या बाजूला आता तीन फूट अकरा इंच मिळाले. माणसाला नीट उतरायला दार अडीच फूट उघडलं तरी पुरतं. त्यापुढे भिंतीपर्यंत सतरा इंच उरतात आणि त्यात एक फूट खोलीचं रॅक बसतं. गाडी उलटी आत घ्यायची सवय असेल तर हेच सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं धरा.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, खडूने करून बघा. रविवारी सकाळी सगळं सामान अंगणात काढा. सगळं म्हणजे सगळं, एक डबासुद्धा आत ठेवायचा नाही. गॅरेज झाडून घ्या, मिस्टरांना गाडी डाव्या भिंतीशी लावायला सांगा. मग खडू घ्या. चारही चाकांभोवती रेघ मारा. उजवं दार उतरायला लागतं तेवढं उघडा आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर फुली मारा. डिकी उघडून तिचं टोक कुठवर येतं ते बघा, शटरच्या गुंडाळीला लागतं का तेही. मिस्टर उतरतील, दार लावतील आणि बाहेर चालत येतील, तो रस्ताही खडूने आखा. आता फरशीवर जे पांढरं आहे ते हालचालीचं. तिथे कधीच काही ठेवायचं नाही. कोरी फरशी दिसेल ती तुमची. रॅक, कपाट, हुक असलं काहीही त्या दिवशी विकत आणू नका. खडूच्या रेघांत आठ दिवस गाडी लावा. दोन-तीन रेघा तुम्हीच पुसून पुन्हा माराल.

गाडी दर वेळी त्याच जागी यायला हवी, नाहीतर हा इंचांचा हिशेब फुकट जातो. पुढच्या चाकांसमोर फरशीला पक्का केलेला लोखंडी पाइप किंवा रबरी ठोकळा बसवा. चाक टेकलं की थांबायचं. डाव्या भिंतीवर आरशाच्या उंचीला जुन्या टायर-ट्यूबची पट्टी ठोका. त्या भिंतीला बाकी काहीही नाही, खिळासुद्धा नाही.

आता मागची भिंत. गाडी शटरपासून एक फूट आत घेतली की तिच्या नाकापुढे पाच फूट मोकळे राहतात, भिंतभर दहा फूट रुंद. सासऱ्यांचं टेबल चार फूट लांब. चेतक लांबीला सहा फुटांच्या आतच आहे. दोन्ही मागच्या भिंतीला समांतर लावा, टेबल डाव्या कोपऱ्यात आणि चेतक उजव्या कोपऱ्यात. भिंतीची लांबी जवळजवळ तंतोतंत भरते. टेबल दोन फूट खोल धरलं तर त्याच्यासमोर उभं राहायला गाडी आत असतानाही तीन फूट मिळतात. आणि तुमच्याच पत्राप्रमाणे दिवसभर गाडी अंबडला असते. तेव्हा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अख्खं गॅरेज त्यांचं आहे.

अ‍ॅक्टिव्हा शटरजवळ उजवीकडे. तिची लांबी सहा फूट, आणि ड्रायव्हरचं दार शटरपासून साधारण पावणेसहा फुटांवर संपतं, म्हणजे तीन इंचांची ओढाताण होईल; हँडल वळवून थोडी तिरकी उभी केलीत की सुटेल. पण क्रम पाळावा लागेल : रात्री आधी गाडी, मग स्कूटर, सकाळी आधी स्कूटर बाहेर. सायकल बॉनेटच्या उजव्या बाजूला भिंतीशी, चेतकच्या पुढे. मुलगा तुमच्या आधी शाळेला निघत असेल तर मात्र रोज स्कूटर हलवणं तुम्हाला जड जाईल. मग सायकल अंगणातच साखळीने बांधा आणि पावसाळ्यात वर ताडपत्री टाका. सायकल भिंतीवर हुकाला टांगायची कल्पना चित्रांत छान दिसते. रोज लागणारी वस्तू टांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा दोन दिवस टांगेल, तिसऱ्या दिवशी ती गाडीला टेकून उभी असेल.

आता ज्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात ते सामान. तुमच्या गॅरेजमध्ये रोज वापरली जाणारी जागा सासऱ्यांच्या टेबलाची आहे, आणि तुम्ही नेमकी तीच आधी हलवायला निघालात. हे मी रागावून लिहीत नाही. जे डोळ्यांसमोर हलतं-वाजतं तेच आपल्याला अडचण वाटतं. कोपऱ्यात गप्प पडलेल्या सिमेंटच्या पोत्याकडे नजर जात नाही. आधी ते पोतं बघा. सिमेंट हवेतली ओल शोषतं आणि तीन महिन्यांतच त्याची ताकद उतरायला लागते. एक पावसाळा काढलेलं पोतं बाहेरून दाबा. गोळे हाताला लागले तर त्याचं आता काही करता येत नाही. रंगाचे डबे उघडा. साय धरून खाली दगड झालेले टाकून द्या. चांगल्या राहिलेल्यांच्या अंगावर, झाकणावर नव्हे, कुठल्या खोलीचा रंग ते लिहा. थर्माकोलचं जुनं मखर असेल तर तेही निरोपाच्या रांगेत. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते आता कधीच लागणार नाही.

गहू आधी घरात न्या. पेट्रोल, रॉकेल, रंग यांचा वास धान्य धरतं, आणि गॅरेजच्या शटरखालून उंदीर यायला अर्धा इंच पुरतो. स्वयंपाकघरात जागा नसेल तर पलंगाखाली बसक्या डब्यांत ठेवा, पण जिथे गाडीचा धूर होतो तिथे नको. गाद्यांचंही तेच. गॅरेजमध्ये पाऊस काढलेली गादी पाहुण्याला घालवत नाही. कापसाच्या असतील तर पिंजून नव्या करून घरात घ्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका, आत्ता, पावसाच्या आधी.

गणपती-गौरींच्या सामानाबद्दल जरा थांबून लिहिते. आमच्या घरी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याची चार खोकी एकावर एक रचलेली होती. बाहेरून अगदी नवीन दिसायची, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. एका भाद्रपदात मी खालचं खोकं ओढायला हात घातला आणि बोटं थेट आत गेली. पुठ्ठा नव्हताच, नुसता कागदाचा पापुद्रा उभा होता. आत माती. त्या मातीत आईची पदार्थांची वही होती, निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. पुठ्ठा जसाच्या तसा, आणि उघडली तर पानांच्या जागी वाळवीची घरटी. कडेच्या शिवणीला पानांचे बोटभर तुकडे चिकटलेले. त्यातल्या एका तुकड्यावर ‘मंद आचेवर’ एवढं वाचता येत होतं. भिंतीवर मागच्या बाजूने मातीची बारीक नळी चढत गेली होती, ती आम्हा कुणालाच कधी दिसली नाही, कारण खोकी भिंतीला घट्ट टेकलेली होती.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते : गॅरेजमध्ये पुठ्ठ्याचं एकही खोकं नको. गौरींचे मुखवटे, साड्या, दागिने पत्र्याच्या ट्रंकेत किंवा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. साड्या तर मी म्हणेन घरातच राहू द्या. जे काही असेल ते भिंतीपासून तीन इंच पुढे आणि फरशीपासून निदान सहा इंच वर ठेवा, म्हणजे वाळवीची नळी चढली तर दिसेल, आणि नाशिकच्या पावसात शटरखालून पाणी आत आलं तरी खालची पेटी भिजणार नाही. पेटीवर काय आहे ते समोरच्या बाजूला ठळक लिहा. झाकणावर लिहिलं तर वर दुसरी पेटी आली की संपलं.

आता पोटमाळा. अख्ख्या गॅरेजवर मुळीच नको. शटर वर गुंडाळलं जातं तिथे पुढचा फूट-दीड फूट उंचीत तसाच जातो, आणि गाडीच्या टपावर सामान टांगून ठेवणं मला पटत नाही. तुम्हाला हवा तो फक्त मागच्या भिंतीवर, टेबल आणि चेतकच्या वर, अडीच फूट रुंद. खालची बाजू फरशीपासून सव्वासहा फुटांवर ठेवा, म्हणजे सासरे खाली सरळ उभे राहतील. वर पावणेतीन फूट उंचीचा माळा मिळतो, दहा फूट लांब. लोखंडी अँगलचा सांगाडा करून घ्या. पुढची बाजू खाली टेकलेल्या पायांवर, मागची भिंतीत फास्टनर मारून. पुढचे पाय चेतकच्या रुंदीच्या बाहेर येतील असे बघा. स्लॅबला टांगून द्यायचा आग्रह ठेकेदार धरेल, त्याला लोखंड कमी लागतं. नाही म्हणा. स्लॅबमध्ये भोकं पाडून वर्षानुवर्षं वजन लटकवण्यापेक्षा पाय जमिनीवर टेकलेले बरे.

भिंत कसली आहे तेही विचारून घ्या. नऊ इंची विटांची असेल तर फास्टनर घट्ट बसतो. चार इंची असेल किंवा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकची असेल तर साधी प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू वजनाने सुटून येतात. ब्लॉकसाठी वेगळे फास्टनर मिळतात, तेच मागा. रो-हाउसमध्ये बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असते. तिच्यावर व्हाइसचे ठोके किंवा ग्राइंडरची घरघर जायला नको, दुपारी पलीकडे कुणी झोपलेलं असतं.

माळ्यावर काय जाईल? वर्षातून एक-दोनदा खाली येणारं, आणि एका माणसाला डोक्यावर दोन हातांनी सहज उचलता येईल तेवढ्या वजनाचं. मखराची घडीची फ्रेम, आकाशकंदील, विजेच्या माळा, एकात एक घालून गोणपाटात बांधलेली पातेली, पण दोनच्या वर एका गाठोड्यात नको. कूलर प्लास्टिकचा असेल तर टाकी पुसून, गवताच्या ताट्या काढून वर चढवा. पत्र्याचा असेल तर वर नेऊ नका, टेबलाखाली ढकला. शिडी कुठे ठेवायची हे माळा बांधायच्या आधी ठरवा. ती उजव्या भिंतीवर आडवी, रॅकच्या वर. आणि सासऱ्यांना शिडीवर चढू द्यायचं नाही, हे मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही.

रॅक मात्र उजव्या भिंतीला, ड्रायव्हरच्या दारासमोर एक फूट खोल. खिळे-बोल्ट, वायर, बल्ब, गाडीचं पुसायचं सामान, बागेची खुरपी-कात्री तिथे. रॅकचे कोपरे तिकोनी पट्ट्यांनी आवळून घ्या आणि वरून एका ठिकाणी भिंतीला बांधा, नाहीतर एक ना एक दिवस दाराचा धक्का लागून ते डुलेल.

आता जे लिहिते त्यात तडजोड नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते आणि कोपऱ्यात साचते. सासऱ्यांचा ग्राइंडर ठिणग्या उडवतो. तुमच्या चेतकच्या टाकीत नऊ वर्षांपूर्वीचं पेट्रोल उरलं असेल तर ते आधी मेकॅनिककडून काढून टाका. गॅरेजमध्ये बाटलीत-कॅनमध्ये पेट्रोल ठेवू नका, थिनर ठेवू नका. पार्ट धुवायला सासरे रॉकेल वापरत असतील तर ते घट्ट बुचाच्या पत्र्याच्या डब्यात, टेबलापासून लांब. ग्राइंडर चालवायचा तो गाडी आणि अ‍ॅक्टिव्हा बाहेर असताना, शटर पूर्ण वर करून, शक्यतो शटरच्या तोंडाशी. प्लग, चार्जर, विजेचे बोर्ड फरशीपासून दीड फुटाच्या वरच असावेत. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिला हवा खेळती हवी, तिच्यावर पेट्या रचायच्या नाहीत. वर जाळीची खिडकी किंवा झरोका नसेल तर ठेकेदाराला पोटमाळ्याआधी तो पाडायला सांगा. पुढे कधी इलेक्ट्रिक स्कूटर घ्याल तेव्हा तिच्यासाठी अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढा, एक्स्टेंशनच्या वायरीवर चालवू नका.

नाशिकची थंडी कडक असते, सकाळी गाडी तापवायला लोक शटर अर्धवट ठेवून इंजिन चालू करतात. ते करू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तुमच्या गॅरेजमधून घरात उघडणारं दार असेल तर तो थेट घरात जातो. आग विझवायचा एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर शटरजवळ लावा. मागच्या भिंतीवर लावला तर आगीच्या पलीकडे राहील.

मिस्टरांच्या खोलीच्या बेताबद्दल थोडक्यात. मंजूर नकाशात ही जागा पार्किंग म्हणून दाखवलेली असणार, आणि पार्किंगची जागा चटई क्षेत्रात, म्हणजे बांधकामाच्या मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रफळात, सहसा धरलेली नसते. महापालिकेच्या परवानगीवाचून तिची राहायची खोली केली तर ते अनधिकृत बांधकाम ठरतं. भाडं सुरू होईल त्या महिन्यापासून ती टांगती तलवार. शिवाय गाडी कायमची रस्त्यावर. माझा स्पष्ट नकार.

राहिली चेतक.

तुम्ही तिला भंगार म्हटलं नाहीत, पण ‘काढा’ म्हटलंत आणि सासऱ्यांनी ते तसंच ऐकलं. बजाजने १९७२मध्ये आणलेली ही स्कूटर एके काळी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळायची. कारखान्यात फिटर असलेल्या माणसाने तिच्यासाठी पैसे बाजूला काढले असतील, तुमचे मिस्टर लहानपणी तिच्यावर पुढे उभे राहून हिंडले असतील. मी वर हिशेब मांडलाय त्यात ती एकाही माणसाची वाट अडवत नाही. माळ्याखालची जी भिंत नाहीतरी रिकामीच राहिली असती, तिथे ती उभी आहे. तेव्हा तिच्यावरून भांडण करायचं कारणच उरत नाही. पुढे कधी त्यांना स्वतःलाच द्यावीशी वाटली तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२१च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. तोवर कागदावर ती त्यांच्याच नावाची राहते आणि तिचा कुणी गैरवापर केला तर विचारणा त्यांच्याकडे येईल.

आणि एक करून बघा. हा सगळा बेत तुम्ही आखून त्यांच्यासमोर ठेवू नका. माझ्या कागदावर तुम्हाला जे पटलं असेल ते बाजूला ठेवा, आणि रविवारी खडू त्यांच्या हातात द्या. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘फाइव्ह एस’ बहुधा माहीत असेल : जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत, सेइरी म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं, सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, सेइसो म्हणजे सफाई, आणि पुढचे दोन हे टिकवण्यासाठी. तिथे हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक पान्यामागे, पकडीमागे, कानशीमागे तिच्याच आकाराची रेघ रंगवलेली असते. संध्याकाळी कुठला आकार रिकामा आहे ते लांबूनच दिसतं. असा बोर्ड त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर, माळ्याच्या खाली बसवायला सांगा. प्लायचा साडेतीन बाय तीनचा तुकडा पुरेल. त्यांच्या हाताचं काम आहे, ठेकेदाराला जमणार नाही. स्क्रू-बोल्टसाठी त्यांना एकसारख्या पारदर्शक बरण्या आणून द्या. तुमच्याकडे लोणच्याच्या, कॉफीच्या बरण्या साठल्या असतील तर त्याच द्या.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आठ दिवसांचा अबोला तुम्हाला लागलाय हे पत्रात दिसतं. मी तुमच्या जागी असते तर सरळ म्हटलं असतं, ‘मी टेबल काढा म्हणाले ते माझं चुकलं. दादा, गाडी आत बसवायची आहे, मला मापं नीट जमत नाहीत, तुम्ही बघा.’ तुमच्याकडे त्यांना दादा म्हणत असतील, अण्णा म्हणत असतील, जे म्हणत असाल ते.

ठेकेदाराला आठ दिवसांनी बोलवा, त्याच्या हातात फक्त मागच्या माळ्याचं माप द्या आणि लोखंड किलोवर किती आणि मजुरी किती, असे दोन वेगळे आकडे मागा. उजव्या भिंतीवर विजेचा मीटर किंवा स्विचबोर्ड असेल तर तो शटरपासून किती फुटांवर आहे ते मला पुढच्या पत्रात कळवा. ड्रायव्हरच्या दारासमोर आला तर रॅक दोन तुकड्यांत करावं लागेल, आणि त्याची मापं मी वेगळी काढून देईन.